सोसायटीची लिफ्ट: तपासणी दारापासून सुरू करा

लिफ्टने जरा हिसका दिला की आतल्या माणसांच्या मनात एकच येतं: दोर तुटला तर? या भीतीला फारसा आधार नाही. तीन किंवा जास्त दोरांवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये दोरांची ताकद प्रत्यक्ष भाराच्या किमान १२ पट धरलेली असते. सगळे दोर एकदम गेले असं धरलं, तरी केबिनचा वेग ठरल्यापेक्षा साधारण १५ टक्क्यांहून जास्त वाढला की गव्हर्नर, म्हणजे वेगावर नजर ठेवणारी पुली, अडतो आणि केबिनखालचे सेफ्टी ब्लॉक दोन्ही बाजूंच्या गाइड रेल पकडून ठेवतात. लिफ्टचा सेफ्टी ब्रेक शोधणाऱ्या एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात फळीवर उभं राहून दोर कापायला लावला, तेव्हाही फळी अशीच जागच्या जागी अडकली होती.

माणसं जखमी होतात, मरतात ती बहुतेक दारापाशी. मजल्यावरचं दार उघडतं आणि समोर केबिनच नसते. कोणी आत पाऊल टाकत असताना केबिन हलते. सप्टेंबर २०२२ मध्ये मालाडच्या एका शाळेत अशाच प्रकारे एका तरुण शिक्षिकेचा जीव गेला. जुन्या लिफ्टमध्ये बाहेरचं दार आणि आतलं जाळीचं दार यांच्या मधल्या पोकळीत लहान मूल राहतं आणि केबिन सुटते. नोव्हेंबर २०२० मध्ये धारावीत पाच वर्षांचा मुलगा असाच गेला. चौथा प्रकार म्हणजे दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनमधून माणसाला ओढून काढताना तो खालच्या खड्ड्यात पडतो. या चारही गोष्टी रोखायला नवी लिफ्ट लागत नाही. कमिटीतला एक जागरूक माणूस, एक फूटपट्टी आणि एक टॉर्च यांवर बरंच काम होतं.

(बांधकामावरची लिफ्ट हे वेगळं यंत्र. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्याच्या बाळकुम भागात ती कोसळून ७ कामगार दगावले. तिचे नियम, तपासण्या आणि धोके निराळे आहेत. इथे फक्त राहत्या इमारतीतल्या लिफ्टबद्दल.)

दाराचं लॉक

मजल्यावरच्या प्रत्येक दाराला लॉक असतं आणि त्याची दोन कामं असतात. पहिलं, केबिन समोर नसेल तर दार उघडू न देणं. दुसरं, दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट चालू न देणं. पहिलं काम लोखंडी आकडा करतो, दुसरं विजेचा कॉन्टॅक्ट. क्रम महत्त्वाचा आहे: आकडा खाचेत किमान ७ मिलिमीटर बसल्यावरच कॉन्टॅक्ट जुळला पाहिजे. लॉक झिजलं, दार खाली बसलं किंवा कोणी कॉन्टॅक्टची पट्टी वाकवली की हा क्रम उलटतो. कॉन्टॅक्ट आधी जुळतो, लिफ्टला वाटतं दार बंद आहे, ती सुटते आणि मागे दार हाताने सहज उघडतं.

आठवड्यातून एकदा, गर्दी नसताना, दोघांनी मिळून हे करा. एकाने केबिन तळमजल्यावर घेऊन दार उघडं ठेवून उभं राहावं. दुसऱ्याने वरच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन दार ओढून पाहावं. बिजागरीचं दार असेल तर मुठीला धरून तीन-चार झटके द्यावेत. खडखडलं तर चालेल, उघडता कामा नये. आपोआप सरकणारं दार असेल तर दोन्ही तळवे दारावर ठेवून बाजूला सारायचा प्रयत्न करावा. थोडी फट पडणारच. सुमारे १५ किलोच्या जोराला एका बाजूला सरकणाऱ्या दारात ३० मिमी आणि मधून उघडणाऱ्या दारात ४५ मिमीपर्यंत फट मान्य आहे. त्याहून जास्त, म्हणजे हात आत जाईल इतकी फट पडली तर लिफ्ट बंद करून मेकॅनिक बोलवा. हे करताना पाय चौकटीपासून हातभर मागे, अंगाचा भार दारावर नाही.

मग उलट तपासणी. केबिन तळमजल्यावर, दार उघडं, आणि वरच्या मजल्यावरून बटण दाबायचं. केबिन तसूभरही हलता कामा नये. जाळीच्या लिफ्टमध्ये हीच गोष्ट दोनदा करा: एकदा बाहेरचं दार उघडं आणि आतली जाळी बंद, एकदा बाहेरचं दार बंद आणि आतली जाळी उघडी. दुसऱ्या वेळी आत कोणी नसावं. जाळी उघडी ठेवून बाहेरचं दार लावून घ्यायचं आणि मग वरून बटण दाबायचं.

हीच तपासणी मेकॅनिक काम आटोपून गेल्यावर दर वेळी करायची, त्याच दिवशी. कारण दारात बिघाड शोधताना मेकॅनिक लॉकचा कॉन्टॅक्ट तात्पुरता वायरने जोडून घेतात. त्यांच्या भाषेत लॉक ‘जंप’ करतात. काम संपल्यावर ती वायर काढायची राहिली, किंवा स्पेअर मिळेपर्यंत लिफ्ट चालू राहावी म्हणून मुद्दामच ठेवली, तर दार उघडं असतानाही लिफ्ट धावते. रहिवाशांना त्यातलं काहीच दिसत नाही. उलट लिफ्ट हल्ली बंद पडत नाही म्हणून सगळे खूश असतात. ‘चालवून घ्या, पार्ट आला की बदलू’ असं दाराच्या लॉकबाबत कोणी म्हणालं तर लिफ्टचा मेन स्विच पाडून ठेवा. वरच्या मजल्यावरचे लोक दोन दिवस शिव्या देतील, देऊ द्या.

आपोआप सरकणाऱ्या दारांत आणखी एक जागा असते, ती खालची. दाराचा पल्ला वर रोलरवर टांगलेला असतो आणि खाली उंबऱ्याच्या खाचेत प्लास्टिकचे छोटे शू फिरतात. फरशीचं काम चाललं की सिमेंटची पूड त्या खाचेत बसते, शू झिजतात किंवा तुटतात. मग मुलांनी खेळताना धडक दिली, कोणी भारी कपाट टेकवलं, तर पल्ला खालून आत जातो आणि माणूस त्याच्याबरोबर. झाडणाऱ्या मावशींना सांगून ती खाच रोज ब्रशने साफ करून घ्या. पल्ल्याच्या खालच्या कडेला बोटांनी आत दाबून पाहा; बरंच आत-बाहेर होत असेल तर शू बदलायची वेळ आली आहे.

दारातला सेन्सरही पूर्ण विश्वासाचा नाही. हल्लीच्या प्रकाशपडद्याच्या सेन्सरला उंबऱ्यापासून २५ मिमी ते १६०० मिमी उंचीपर्यंतची आणि साधारण ५० मिमी जाडीची वस्तू ओळखता यावी, एवढीच अपेक्षा असते. कुत्र्याचा पट्टा, ओढणी, पिशवीचा बंद त्याला दिसत नाही. दार लागायच्या शेवटच्या २० मिमीत तर सेन्सर बंद झालेला चालतो. कुत्रा बाहेर, मालक आत आणि मध्ये पट्टा, अशा स्थितीत दार बंद होऊन लिफ्ट सुटते. पट्टा हातभर आखूड धरा, कुत्र्याला आधी आत घ्या आणि उतरतानाही त्याला शेजारी ठेवूनच उतरा.

दोन दारांमधली पोकळी

जुन्या इमारतींत बाहेर लाकडी किंवा पत्र्याचं दार आणि आत जाळीचं सरकतं दार असतं. दोन्ही बंद केल्यावर मध्ये किती जागा उरते, ते मोजा. बाहेरचं दार लावल्यावर त्याच्या आतल्या पृष्ठभागापासून जाळीपर्यंत, चौकटीत जिथे सर्वांत खोल आहे तिथे. युरोपीय मानकाची कसोटी अशी की १५ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू या पोकळीत कुठेही मावता कामा नये. अमेरिकेत घरगुती लिफ्टसाठी २०१६ पासून ४ इंचांची, म्हणजे १० सेंमीची मर्यादा आहे. मुलं राहतात तिथे १० सेंमीच धरा. चार-पाच वर्षांचं मूल कडेने उभं राहिलं की फार जाड नसतं.

पोकळी जास्त असेल तर बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला पत्र्याची चपटी पेटी बसवून ती भरून काढता येते. पेटी दाराच्या संपूर्ण रुंदीभर आणि उंबऱ्यापासून किमान छातीएवढ्या उंचीपर्यंत हवी, काच झाकली जाऊ नये, आणि वरची कड उतरती हवी, नाहीतर तिच्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. स्क्रूने नाही, आरपार बोल्टने बसवा. बसवल्यावर दाराचं वजन वाढतं, त्यामुळे दार आपोआप लावणारा क्लोजर नव्याने जुळवावा लागतो आणि लॉकची तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. हे काम सुताराकडून उरकू नका, लिफ्ट कंपनीकडूनच करून घ्या.

जाळीचा दुसरा दोष म्हणजे तिच्यातून बोटं, चप्पल, पदर बाहेर जातो. चालत्या केबिनमध्ये जाळीसमोरून भिंत, उंबरा, दाराची चौकट सरकत असते. यावर पक्का उपाय एकच: आतलं दार बदलून बिनछिद्राचं सरकतं दार बसवणं. ईएन ८१-२० हे युरोपीय मानक आणि त्याच धर्तीवर आपल्याकडे आलेलं आयएस १७९०० बिनछिद्राचीच दारं मागतात. दार बदलेपर्यंत लहान मुलांना एकटं पाठवू नका आणि आत सगळ्यांनी मागच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं. शाळेची दप्तरं पाठीवरून काढून हातात.

ब्रेक: केबिन वरही ‘पडते’

लिफ्ट खाली कोसळेल असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात मोकळ्या केबिनचा ब्रेक निकामी झाला तर ती वर जाते. केबिनच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट असतं आणि त्याचं वजन केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या चाळीस ते पन्नास टक्के इतकं ठेवतात. समजा केबिन ६०० किलोची आहे आणि क्षमता ६ माणसं, म्हणजे ४०८ किलो. काउंटरवेट साधारण ८०० किलोचं होईल. आत ७० किलोचा एकच माणूस असेल तर एका बाजूला ६७०, दुसऱ्या बाजूला ८००. ब्रेक सुटला की काउंटरवेट खाली, केबिन वर. जुन्या लिफ्टचे सेफ्टी ब्लॉक फक्त खाली जाताना पकडतात, वर जाताना नाहीत. एखादा माणूस अर्धा आत असताना केबिन वर सरकली तर तो उंबरा आणि वरची चौकट यांत सापडतो. नव्या मानकात यासाठी स्वतंत्र संरक्षण आहे: दार उघडं असताना केबिन हलायला लागली तर १.२ मीटरच्या आत ती थांबलीच पाहिजे. तुमच्या लिफ्टला हे आहे का, हे कंपनीला लेखी विचारा.

ब्रेक झिजतोय हे मशीन रूममध्ये न जाताही कळतं, उंबऱ्यावरून. केबिनचा उंबरा आणि मजल्याचा उंबरा यांतला फरक मिलिमीटरची पट्टी उभी धरून मोजा. एकदा केबिन रिकामी वर जाऊन थांबल्यावर, एकदा चार-पाच माणसं घेऊन खाली येऊन थांबल्यावर. हल्लीच्या ड्राइव्हवाल्या (मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने हळूहळू बदलणाऱ्या) लिफ्टमध्ये फरक १० मिमीच्या आत हवा. जुन्या दोन-स्पीडच्या लिफ्टमध्ये तो जास्त असतो, म्हणून तिथे आकड्यापेक्षा वाढ पाहायची. वर जाताना थोडी पुढे जाऊन थांबते, खाली येताना थोडी खाली जाऊन थांबते, आणि हे अंतर दर महिन्याला वाढतंय, तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय किंवा त्यावर तेल आलंय. गिअरच्या मशीनमध्ये ऑइल सील गळून तेल ब्रेक ड्रमवर येणं नेहमीचं. मशीनखाली तेलाचा डाग दिसला तर तो पुसून समाधान मानू नका, सील बदलून घ्या. उंबरा वर-खाली राहिला की म्हातारी माणसं अडखळतात, तो वेगळाच ताप.

थांबलेली केबिन माणसं चढता-उतरताना हळूहळू सरकते असं कोणी सांगितलं, किंवा दार उघडं असताना एकदा जरी हलली, तर तिथेच लिफ्ट बंद. या एका तक्रारीवर ‘बघू’ म्हणायचं नाही.

दोर, गव्हर्नर

दोरांसाठी मेकॅनिककडे व्हर्नियर कॅलिपर हवा. मूळ व्यासापेक्षा १० टक्के कमी झालेला दोर, म्हणजे १० मिमीचा ९ वर आलेला, बदलायचा, आणि बदलायचे ते सगळे एकदम. एकच नवा घातला तर ताण वाटून जात नाही आणि पुलीच्या खाचा वेड्यावाकड्या झिजतात. मशीन रूममध्ये तुम्हाला डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणा दोन: दोराखाली जमिनीवर लालसर तांबूस भुकटी पडलेली, आणि पुलीवर एखादा दोर बाकीच्यांपेक्षा खोल बसलेला. गव्हर्नर आणि सेफ्टी ब्लॉकची चाचणी वर्षातून एकदा समोर उभं राहून करून घ्या. मेकॅनिक केबिन सावकाश खाली घेतो, गव्हर्नर हाताने अडवतो आणि केबिन जागीच अडकते. मग वर घेऊन ती मोकळी करतात आणि रेलवर उमटलेले ओरखडे घासून साफ करतात. वर्षानुवर्षं ही चाचणी न केल्याने ब्लॉक गंजून बसलेले सापडतात. वेळ आल्यावर ते पकडणार कसे?

पावसाळा

जूनआधी लिफ्टचा खड्डा उघडून पाहायला सांगा. तळाशी ओल, गंजलेले बफर (केबिनचा धक्का झेलणारे), कचरा, मेलेले उंदीर, सगळं निघतं. गव्हर्नरच्या दोराला ताण देणारी खालची पुली, खालचा लिमिट स्विच, केबिनखाली लोंबणारी केबल हे सगळं तिथेच असतं. पाणी साचलं की स्विच शॉर्ट होतात आणि खड्ड्यात उतरणाऱ्याला शॉक बसतो. पाणी दिसलं तर केबिन दोन मजले वर नेऊन उभी करा, मेन बंद करा, मग पंप लावा. मेन बंद केल्याशिवाय कोणी खड्ड्यात उतरायचं नाही, कोणाच्या किल्ल्या पडल्या असल्या तरी.

तळघरात पार्किंग असेल तर मुसळधार पावसात लिफ्ट तिथे जाता कामा नये. सप्टेंबर २०२० च्या पावसात मुंबईतल्या एका इमारतीत तळघरात पाणी भरलेलं असताना दोन सुरक्षारक्षक लिफ्टमध्ये अडकून बुडाले. कंट्रोलरमधून, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या विजेच्या पेटीतून, तळघराचा मजला बंद करता येतो. कसं करायचं ते मेकॅनिककडून मे महिन्यातच शिकून घ्या आणि रात्रपाळीच्या वॉचमनलाही शिकवा.

पाणी फक्त खालून येत नाही. लॉबी धुताना बादलीभर पाणी ओतलं की ते उंबऱ्यावरून शाफ्टमध्ये (केबिन ज्यातून वर-खाली जाते त्या विहिरीत) जातं आणि खालच्या प्रत्येक मजल्याच्या लॉकवर ठिबकतं. लिफ्टसमोर ओल्या फडक्यानेच पुसायचं. गच्चीवरच्या मशीन रूमचं छत गळत असेल तर कंट्रोलरवर प्लास्टिक टाकून भागवू नका. उष्णता कोंडून तो आणखी लवकर जातो. खिडक्यांना जाळी हवी, कारण मुंबई-पुण्याची कबुतरं मोकळी मशीन रूम सोडत नाहीत आणि त्यांची विष्ठा कॉन्टॅक्टवर बसते.

वजन

क्षमतेच्या पाटीवरचा माणूस ६८ किलोचा असतो. ४ माणसं २७२, ६ म्हणजे ४०८, ८ म्हणजे ५४४, १० म्हणजे ६८०, १३ म्हणजे ८८४ किलो. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये ५० किलोच्या सिमेंटच्या आठ गोण्या आणि एक मजूर घातला की भार ४६० च्या पुढे गेला. गंमत अशी की जागा अजून रिकामी दिसते, म्हणून नववी गोणी चढते. फ्लॅटच्या दुरुस्तीची परवानगी देतानाच लिफ्टमधून एका वेळी किती गोण्या, किती टाइल्सचे बॉक्स, हे लेखी द्या. डेब्रिज लिफ्टने नको, उंबऱ्याची खाच भरते.

गणपती आणताना-नेताना मूर्ती, पाट, ताशावाला, मुलं असे सगळे एकाच फेरीत घुसतात. ओव्हरलोडचा बझर साधारण क्षमतेच्या दहा टक्के वर गेल्यावर वाजतो. तो वाजला की शेवटच्या दोघांनी उतरायचं, पाय वर उचलून धरायचे नाहीत. जुन्या लिफ्टला बझरच नसतो. बसवून घ्या, मोठा खर्च नाही.

अडकल्यावर

आतल्या माणसाने करायचं फार थोडं आहे. दार उघडण्याचं बटण एकदा दाबा, मग घंटा किंवा इंटरकॉम, मग वॉचमनला फोन. केबिनला हवेसाठी फटी ठेवलेल्या असतात, त्यामुळे दिवा गेला, पंखा बंद पडला तरी गुदमरायला होत नाही, उकडेल मात्र. दारापासून लांब खाली बसा. दार ताणून उघडू नका, छताच्या झडपेतून चढू नका. कोणाची तब्येत बिघडली असेल तर वाट न पाहता १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा.

बाहेरच्यांकडून चुका होतात त्या इथे. मजल्यावरचं दार बाहेरून उघडायच्या त्रिकोणी किल्लीने वॉचमन दार उघडतो, केबिनचा तळ मजल्यापासून चार फूट वर असतो आणि माणूस उडी मारतो. केबिनच्या उंबऱ्याखाली पत्र्याचा पडदा असतो, नव्या मानकात किमान ७५ सेंमीचा, जुन्या लिफ्टमध्ये बरेचदा जेमतेम वीतभर. त्या पडद्याच्या खाली मोकळा शाफ्ट उघडा असतो. उडी मारणाऱ्याचे पाय लॉबीत टेकतात, तोल मागे जातो आणि तो त्या फटीतून थेट खड्ड्यात. म्हणून केबिन मजल्याच्या साधारण एक फूट वर किंवा खाली, एवढ्यात असेल तरच माणसं काढायची. नाहीतर आधी केबिन मजल्याला आणायची. ते काम प्रशिक्षण घेतलेल्या दोघांचं आहे. क्रम असा:

१. इंटरकॉमवर बोला. किती जण आहेत, कोणी आजारी आहे का विचारा. केबिन हलेल, दारापासून दूर राहा, असं सांगा.

२. मशीन रूममध्ये मेन स्विच बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. हे राहिलं आणि मध्येच वीज आली तर केबिन चालू होईल.

३. सगळ्या मजल्यांची दारं बंद आहेत हे एकाने फिरून पाहायचं.

४. एकाने मोटरचं चाक दोन्ही हातांनी धरायचं, दुसऱ्याने ब्रेकची दांडी दाबून लगेच सोडायची. दर वेळी केबिन वीतभरच सरकू द्यायची. थोडी माणसं असतील तर ती आपसूक वर जाईल, जोर लावू नका. दांडी दाबून धरून ठेवली की केबिन वेग घेते आणि चाक हातातून सुटतं.

५. दोरांवरची रंगाची खूण मशीनवरच्या खुणेशी जुळली की मजला आला. ब्रेकची दांडी सोडा, म्हणजे ब्रेक लागेल, आणि ‘आला’ असं ओरडून खाली कळवा.

६. खालच्याने त्रिकोणी किल्लीने दार आधी फक्त चार बोटं उघडायचं, टॉर्च मारून केबिन समोर आहे याची खात्री करायची, मगच पूर्ण उघडायचं.

७. माणसं बाहेर आल्यावर दार लावून ओढून पाहा. लिफ्ट मेकॅनिक येईपर्यंत बंद.

ब्रेक सोडूनही केबिन हलत नसेल तर सेफ्टी ब्लॉकने पकडलेलं असू शकतं. तिथे थांबा आणि कंपनीला, अग्निशमन दलाला बोलवा. मशीन रूम नसलेल्या लिफ्टमध्ये ब्रेक सोडायची पेटी सहसा सर्वांत वरच्या मजल्यावर असते आणि पद्धत कंपनीगणिक बदलते, म्हणून त्याच कंपनीच्या माणसाकडून सराव करून घ्या.

कोणाचा हातपाय अडकला असेल तर लिफ्ट विजेवर वर-खाली करून पाहणं हा सर्वांत घातक प्रयोग. मेन बंद, अग्निशमन दल, आणि कोणत्या बाजूला हलवायचं ते येणारे लोक पाहून ठरवतील.

वीज गेल्यावर केबिन जवळच्या मजल्याला नेणारा एआरडी असेल तर तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या केबिनवर मेन पाडून तो चालतो का बघा. त्याच्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत संपतात आणि ते कळतं ते नेमकं लोडशेडिंगच्या दिवशी.

कंत्राट आणि मेकॅनिक

एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) दरपत्रक शेजारी ठेवून सर्वांत स्वस्त निवडायची सवय इथे महाग पडते. दर महिन्याच्या भेटीत मेकॅनिकने मशीन रूम, केबिनचं छत, प्रत्येक मजल्याचं दार आणि खड्डा पाहिला पाहिजे. सात मजल्यांच्या लिफ्टला यासाठी तास-दीड तास लागतो. पंधरा मिनिटांत सही घेऊन निघाला तर त्याने फक्त ग्रीस लावलंय. करारात हे लिहून घ्या: अडकलेल्या माणसाच्या फोनला किती वेळात येणार, ब्रेक लायनिंग, दोर आणि दाराची लॉक करारात धरलीत की नाहीत, गव्हर्नरची वार्षिक चाचणी कोण करणार. बदललेला जुना भाग सोसायटीकडे ठेवायचा.

मेकॅनिक केबिनच्या छतावर किंवा खड्ड्यात असताना सगळ्यात जास्त धोका त्याला असतो. त्याने दार उघडून आधी छतावरचं स्टॉप बटण दाबायचं, मग इन्स्पेक्शन मोड (लिफ्ट फक्त छतावरच्या बटणांनी सावकाश चालते तो) लावायचा आणि त्यानंतरच छतावर पाऊल ठेवायचं. तो एकटा आला असेल तर परत पाठवा, जोडीदार घेऊन ये म्हणा. उघड्या दारासमोर लोखंडी आडोसा हवा. दोरी बांधलेली खुर्ची चालत नाही.

महाराष्ट्रात १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा कायदा आला आहे. परवाना, निरीक्षकाची तपासणी आणि विमा यांचे कागद एका फायलीत ठेवा, आणि नवीन कमिटीकडे कार्यभार देताना त्रिकोणी किल्ल्या मोजून द्या. त्या दोनच असाव्यात: एक मशीन रूमच्या कुलुपात, एक सेक्रेटरीकडे. वॉचमनच्या टेबलावर खिळ्याला लटकलेली नको.

अपघात झालाच तर जखमीला हलवल्यावर मेन बंद ठेवा आणि काहीही जुळवू नका. पोलिसांना आणि लिफ्ट निरीक्षकाला कळवा. निरीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय लिफ्ट पुन्हा चालू करता येत नाही. त्या मजल्याच्या लॉकचे, उंबऱ्याचे, कंट्रोलरमधल्या वायरिंगचे फोटो काढून ठेवा. मेकॅनिकच्या भेटींची वहीही लगेच ताब्यात घ्या, मागाहून त्यात सह्या भरल्या जातात. हल्लीच्या कंट्रोलरमध्ये शेवटच्या बिघाडांची यादी साठलेली असते. चाचणीच्या फेऱ्या मारल्या की नव्या नोंदी जुन्यांवर चढतात, म्हणून पहिली फेरी मारायच्या आधी ती यादी निरीक्षकासमोर पडद्यावर काढून तिचा फोटो घ्या.